छातीतली गर्दी

श्वास रोखून धरायची पैज लहानपणी कुणी लावली नसेल असं वाटत नाही. गाल फुगलेले, डोळे वटारलेले आणि समोरचा आधी हरावा म्हणून मनातल्या मनात धावा. शेवटी छाती बंड करते आणि तोंड आपसूक उघडतं. हवा संपली, असं आपण म्हणतो. पण तेव्हा रक्तात ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो. वाढलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यानं आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ती लगेच जाणवते आणि हुकूम सुटतो. आपली घुसमट टंचाईपेक्षा तुंबण्याचीच जास्त असते!

म्हणूनच पाण्यात सूर मारण्याआधी धापा टाकल्यासारखे भराभर श्वास घेणं धोक्याचं. त्यानं रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो. मग पोहणाऱ्याला घुसमट जाणवण्याआधीच ऑक्सिजन तळाला जातो आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. पहारेकरी चोराऐवजी कचऱ्यावर नजर ठेवून बसलेला, दुसरं काय.

एरवी शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटरभर हवा घेतो. त्यातली 150 मिलिलिटरच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच रेंगाळते आणि काहीही न करता परतते. उरलेली वायुकोशांपर्यंत पोचते. हे कोट्यवधी फुगे उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील, आणि त्यांच्या नि रक्ताच्या मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. इथे कुणी ऑक्सिजन ओढून घेत नाही. जिकडे दाब जास्त तिकडून तो कमी दाबाकडे आपला आपण सरकतो. कार्बन डायऑक्साइड त्याच न्यायानं उलट वाटेनं येतो.

तांबडी पेशी या पडद्याजवळून जाते ती जेमतेम पाऊण सेकंदात. त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो. उरलेल्या अर्ध्या सेकंदाचं मला फार अप्रूप आहे. आपण जिना धावत चढतो, रक्त भरधाव सुटतं, तेव्हा ही शिल्लक कामी येते.

आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत 16 च्या आसपास. (78 टक्के नायट्रोजन बिचारा आत येतो, कुणी विचारत नाही, निघून जातो.) घेतलेल्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होऊन परततो, असं वाटणं साहजिक आहे. खरं तर श्वासातल्या ऑक्सिजनचं पेशींमध्ये पाणी होतं. बाहेर पडणाऱ्या वायूतला कार्बन अन्नातून आलेला असतो. चरबी जळते तेव्हाही तेच: 10 किलो चरबी पुरती जळली, तर त्यातले सुमारे 8.4 किलो नाकातोंडावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन जातात आणि बाकीच्याचं पाणी होतं. घाम गाळून वजन उतरवलं म्हणणाऱ्यांना हे सांगून पाहावं; पटत नाही.

आणि पटलं तरी नुसतं जोरजोरानं श्वास सोडत बसून उपयोग नाही. चरबी आधी जळायला हवी, त्यासाठी हालचाल हवी. बसल्या जागी केलं तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वजनाऐवजी डोकं हलकं होतं.