बेसुरांची सोय

चौथीत असताना समूहगीताच्या सरावाला बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तू नुसतं तोंड हलव." पुढची चाळीस वर्षं मी नुसतं तोंडच हलवलं. आरतीत, वाढदिवसाला, झेंडावंदनालासुद्धा.

गेल्या आषाढात मी डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या भजनी मंडळात शिरलो. शिरलो म्हणजे काय, टाकी साफ करायची वर्गणी मागायला गेलो आणि कुणीतरी हातात टाळ दिले. गाता येतं का, असं तिथं कुणी विचारत नाही. चहात साखर चालते का, हे विचारतात.

मंडळाची इस्टेट म्हणजे दोन सतरंज्या, एक पखवाज, टाळांच्या अकरा जोड्या आणि एक पेटी. पेटीची एक पट्टी पावसाळ्यात दाबली की वर येत नाही. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे असंच अजून बसतात; पेटीवर मात्र काकू असतात आणि त्यांनी नजर टाकली की बुवासुद्धा सावरून गातात. महिन्याला ५० रुपये, तेही जमतील त्याने द्यायचे. त्यातून पखवाजाची पुडी बदलायची, उरले तर चहा.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेल्या कणकेचा गोळा थापतात, त्याशिवाय तो खर्जात बोलत नाही. ही कणीक दर गुरुवारी वेगळ्या घरातून येते. एकदा पखवाज वाजवणारा पोरगा बोलून गेला, "आज फार सैल आहे हो." कणीकवाल्या वहिनी तिथल्या तिथे म्हणाल्या, "पोळ्या खाऊन बघ माझ्या, मग बोल." भजन पाच मिनिटं उशिरा सुरू झालं.

बुवा चरण म्हणतात, बाकीचे झेलतात. मागे वीस-पंचवीस आवाज असतात, त्यात माझा कुणाला सापडत नाही. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ अभंग, पण धृपद तेच परत परत येतं. ज्याला काहीच पाठ नाही त्यालाही दहा मिनिटांत तेवढं येतं आणि मग तो इतरांपेक्षा मोठ्यानं म्हणतो. मीही म्हटलं. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं.

पण एक कळलं. बेसूर खपतो, बेताल खपत नाही. पंचवीस गळ्यांत एक गळा बुडून जातो. अकरा जोड्यांतली एक चुकली की सगळ्या माना वळतात. टाळ समोरासमोर आपटले की आवाज कोंदतो. कडेला कड लागून लगेच सुटायला हवी, तर ते घुमतात. दोरी बोटाला गुंडाळायची असते, त्यामुळे पहिला महिनाभर बोटावर लाल वळ होता. बायको म्हणाली, "अंगठीची एवढी हौस होती तर सोन्याची घ्यायची."

मला ताल शिकवला तो आमच्या वॉचमनने. तो बिहारमधल्या छपऱ्याकडचा. त्याच्या गावी टाळासारखीच झाल वाजवतात, लहानपणापासून त्याचा हात बसलेला. दारात उभा राहून तीन गुरुवार त्याने माझे हाल पाहिले आणि चौथ्याला चपला काढून शेजारी येऊन बसला. गेटवर तो मला साहेब म्हणतो. टाळ हातात आले की म्हणतो, "अरे नहीं, नहीं, कलाई ढीली!"

ज्याला टाळही झेपत नाहीत त्याच्यासाठी वीणा आहे. नाक्यावरच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो. तो दरवर्षी बँकेतून निवृत्त झालेले एक काका मागून घेतात. म्हणतात, "झोप तशीही येत नाही. घरी भिंतीकडे बघण्यापेक्षा पांडुरंगाकडे बघतो."

स्वीडनमध्ये गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. सगळ्यांचे ठोके बरोबरच वाढतात आणि बरोबरच उतरतात, कारण ओळ संपली की सगळे एकदमच श्वास घेतात. बुवांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तुम्ही मधेच श्वास का घेता?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं तर बोट दाखवतात. आजींनी त्यांना खुर्चीत बसवून भजनाला आणलं ते घरात एकटे नकोत म्हणून. दुसऱ्या अभंगाला त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, माझ्यासारखंच. जवळ झुकलो तर अख्खी ओळ, शब्दन् शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं अडलं तरी गाण्यातले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात. तेव्हापासून आजी त्यांना चहासुद्धा चालीत विचारतात. जिन्यात ऐकू येतं.

परवा उत्तर आलं म्हणे. "नको." आणि माझ्यापेक्षा सुरात.