बाळाची पहिली थंडी
मूल जन्मल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या अंगात काय काय चालतं हे समजल्यापासून मी येईल त्याला सांगत सुटलेय, आता इथेही लिहितेय. पोटात असताना बाळ आईपेक्षाही अर्धा डिग्री गरम असतं, आणि बाहेर येतं ते ओलंचिंब, उघडं, २५-२६ डिग्रीच्या खोलीत. आपल्याला हुडहुडी भरते, दात वाजतात, त्यातून ऊब येते, पण तान्ह्या बाळाला कुडकुडणं जवळजवळ जमतच नाही, त्याची सगळी भिस्त हार्मोन्सवर.

थंडी कातडीला लागली की नॉरअ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन सुटतं आणि खांद्याच्या पात्यांमध्ये, मानेशी, किडनीभोवती जी ब्राऊन फॅट, म्हणजे तपकिरी चरबी असते ती पेटते, अक्षरशः भट्टीच. तिच्या पेशींत यूसीपी-१ नावाचं प्रोटीन असतं, त्यामुळे जळलेल्या चरबीतून एटीपी, म्हणजे पेशींना कामासाठी लागणारं इंधन, न बनता सरळ उष्णताच निघते. पण यासाठी थायरॉईडचं टी-३ हे हार्मोन पण लागतं, ते ही चरबी थायरॉईडच्याच टी-४ या दुसऱ्या हार्मोनपासून जागच्या जागी बनवून घेते. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की पोटात असेपर्यंत वारेतून येणारे पदार्थ हे सगळं दाबून ठेवतात, नाळ बांधली की तो दाब गेला!

त्याच वेळी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, उसळतं, अर्ध्या तासात ६०-८० पर्यंत. मोठ्या माणसात ५ च्या वर गेलं तरी डॉक्टर परत टेस्ट करायला सांगतात, आणि थंडीने आपलं टीएसएच असं उसळत पण नाही. बाळाचं मात्र दोन-तीन दिवसांत उतरतं, म्हणूनच टाचेतून रक्त घेऊन करायची थायरॉईड टेस्ट शक्यतो ४८ तासांनंतर करतात, आधी केली तर चांगल्या बाळाचा रिपोर्टही वाढलेला येऊ शकतो. ही टेस्ट झाली का हे डिस्चार्जच्या आधी विचाराच, प्लीज. जन्मजात थायरॉईड कमी असलेलं बाळ बघायला अगदी नॉर्मल दिसतं, कारण आईकडून थोडं टी-४ आलेलं असतं, आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मेंदूचं नुकसान टळतं.

आणि आंघोळीची घाई नको, डब्ल्यूएचओ निदान २४ तास थांबा म्हणते. टोपडं, दुपटं हवंच, पण दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाकडे ब्राऊन फॅटच कमी असते, त्याला उघड्या छातीशी धरायचं, कांगारू मदर केअर, १९७८ पासून कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली पद्धत, आई दमली असेल तर बाबानेही धरलं तरी चालतं.