आठवणीतला लेफ्ट आउट आणि मैदानावरची पूड

गोव्यात गावातला जुना फुटबॉलपटू गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्लबच्या ओट्यावर ठरतेच: त्याच्या नावाने एक सामना खेळायचा. तिथपर्यंत सगळे सोपे. पुढे फलकावर जन्मसाल चुकते, त्याचे गोल भाषणागणिक वाढत जातात, पाहुणे पाऊण तास उशिरा येतात आणि उत्तरार्ध अंधारात संपतो. यातले बहुतेक सगळे आधी लक्ष दिले तर टळते.

तारीख घरच्यांना विचारूनच धरावी. हिंदू घरात बारावे-तेरावे होईपर्यंत विषयच काढू नये. ख्रिस्ती घरात सातव्या दिवसाची मीस (चर्चमधली प्रार्थना) असते, मग महिन्याची; त्या महिन्याच्या मिसेनंतरचा रविवार सहसा सर्वांना जमतो. माणूस जून-जुलैत गेला असेल तर घाई नको. चिखलात साठीचे पाय घालण्यापेक्षा शेते कापून होईपर्यंत थांबलेले बरे. कधी कधी थांबण्यावाचून इलाजच नसतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातले गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको १० मे २०२१ रोजी गेले, ऐन कोविडच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा मैदानावर माणसे जमवणे शक्यच नव्हते.

तारीख ठरली की पहिले काम मैदानाचे नाही, माहितीचे. त्याच्यावर जीव असलेली माणसेच आकडे सर्वांत जास्त चुकवतात, आणि तेही ठामपणे. पहिली गफलत हंगामाची. आपला हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या वर्षात संपतो, त्यामुळे एका हंगामाला दोन साले चिकटतात. ‘त्र्याऐंशीची संतोष ट्रॉफी’ असे कोणी म्हणाले तर कोणती? राज्यांच्या संघांची ही स्पर्धा गोव्याने पहिल्यांदा जिंकली ती १९८२-८३ ची, बंगालबरोबर संयुक्त. लगेच १९८३-८४ ची एकट्याने. दोन्हींत ‘त्र्याऐंशी’ आहेच. म्हणून प्रत्येक नोंद हंगामाच्या जोडसालानेच लिहावी.

दुसरी गफलत जर्सीच्या क्रमांकाची. ‘त्याचा दहा नंबर’ असे दहा जण सांगतील, पण तेव्हा क्रमांक माणसाचा नव्हता, जागेचा होता. २ राइट बॅक, ३ लेफ्ट बॅक, ५ सेंटर हाफ, ७ राइट आउट, ९ सेंटर फॉरवर्ड, ११ लेफ्ट आउट. एखादा दिवस तो लेफ्ट इनला खेळला तर त्या दिवशी अंगावर १०. फोटोत ११ दिसतो म्हणजे त्या सामन्यात तो डाव्या कडेला होता, एवढेच सिद्ध होते. आणि फोटो निगेटिव्हवरून उलटा छापलेला नाही ना, हे आधी पाहावे. क्रमांकावर विसंबू नका, ११ उलटाही ११च दिसतो; फलकावरची अक्षरे वाचता येत असतील तर प्रश्न नाही. समोरून काढलेल्या फोटोत मात्र छातीवरचे चिन्ह कोणत्या बाजूला आहे ते दुसऱ्या फोटोशी ताडून बघायचे. उलट्या छापलेल्या फोटोवरून उजव्या पायाचा खेळाडू डावरा ठरू शकतो.

तिसरी गफलत गोल वाढत जाण्याची. एकच गोल तिघे सांगतात, तिघांचे तपशील थोडे वेगळे, आणि लिहिणारा तीन गोल धरतो. मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे होते. नेव्हिल डिसोझा यांची १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधली हॅटट्रिक सर्वांना पाठ आहे, ती ऑस्ट्रेलियाविरुद्ध, भारत ४-२ जिंकला तो सामना. पण स्पर्धेतले त्यांचे एकूण गोल चार. चौथा युगोस्लाव्हियाविरुद्ध, तो सामना भारत १-४ हरला. म्हणून लोकांच्या तोंडून तो गळतो. हरलेल्या सामन्यातले गोल असेच हरवतात. गावच्या खेळाडूबाबत मुद्दाम विचारावे, ‘हरलो त्या सामन्यात त्याने काय केले?’

पडताळणीसाठी पणजीतल्या पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहावीत. सामन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही दिवसांचा अंक मागायचा, कारण संध्याकाळी उशिरा संपलेल्या सामन्याची बातमी एक दिवस मागे पडायची. नावांची काळजी घ्यावी. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोन खेळाडू असतात, आणि बातमीत पेटनाव (टोपणनाव) नसते. फलकावर नाव देवनागरीत कसे लिहायचे तेही घरच्यांनाच विचारा. ‘जोस’, ‘जुझे’, ‘जोजे’ यांत आपण निवड करायची नसते.

घरातला चौकटीतला फोटो हा वेगळाच विषय. आपल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. तो सोलून काढायला गेलात तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि पुढे काही करता येत नाही. चौकट उघडूच नका. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, चौकट खिडकीजवळ पण उन्हाबाहेर उभी करा, फ्लॅश बंद ठेवा, आपल्या पाठीमागे काळे कापड धरून किंचित तिरके उभे राहून फोटो घ्या. तिरकेपणा नंतर फोनवर सरळ करता येतो. काचेतले आपले प्रतिबिंब पुसता येत नाही.

आणि आठवणी कोणाकडून घ्यायच्या? मित्रांकडून कमी, त्याला अडवायला उभ्या असलेल्या बॅककडून जास्त. मित्र म्हणतो, ‘फार चांगला माणूस.’ बॅक सांगतो, ‘बाहेरून जाणार असे दाखवायचा, डावा खांदा पाडायचा आणि आत वळायचा; दोन वेळा फसलो.’ नोंद ही अशी हवी. ‘कसा खेळायचा?’ असे विचारू नये. ‘कॉर्नर कोणत्या बाजूने घ्यायचा? पेनल्टीला किती पावले मागे जायचा? बूट कोणाकडून शिवून घ्यायचा?’ असे विचारले की मुद्द्याचे कळते. आवाज ध्वनिमुद्रित करताना पंखा बंद, फोन एक हात अंतरावर.

आता मैदान. जागा कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर परवानगी लेखी घ्या, तोंडी होकार ऐनवेळी आठवत नाही. शेतात खेळायचे असेल तर आधी मालकाला विचारा की वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे भातपीक) करणार का. करणार असेल तर ती जागा सोडून द्या. कापणीनंतरच्या शेतात तीन धोके: धसकटे, वाळताना पडणाऱ्या भेगा आणि मेर, म्हणजे शेताचा बांध. धसकटे जमिनीलगत कोयत्याने काढावीत, तिरकी कापली तर टोके उरतात. भेगांत कोरडी माती भरून, पाणी मारून, रोलर फिरवावा. बोटभर रुंद भेगेतही बुटाचा खिळा अडकतो आणि घोटा फिरतो. मेरेपासून बाजूची रेषा निदान तीन मीटर आत घ्या, मग मैदान अरुंद झाले तरी चालेल. नियमात रुंदी कमीत कमी ४५ मीटर चालते, लांबी कमीत कमी ९०.

चिऱ्याच्या लाल मैदानावर धूळ बसवायला टँकर बोलावतात. हिशेब करून पाहा. १०० बाय ६४ मीटरचे मैदान म्हणजे ६,४०० चौरस मीटर. सहा हजार लिटरचा टँकर त्यावर जेमतेम एक मिलिमीटर पाणी घालतो. एकाने काही होत नाही. आदल्या संध्याकाळी एक, सामन्याच्या दुपारी दोनला एक. सामन्याच्या अर्धा तास आधी मात्र पाणी नको, वरचा थर तेल लावल्यासारखा निसरडा होतो.

आखणीला दोरी, चार खुंट्या आणि लांब टेप पुरे. कोपरा काटकोनात आणायला एका बाजूवर ६ मीटर, दुसरीवर ८ मीटर मोजा. दोन खुणांमधले अंतर बरोबर १० आले पाहिजे. चारही कोपरे झाल्यावर कर्ण मोजा, १०० बाय ६४ ला तो ११८.७ मीटर येतो. दोन कर्णांत हातभर फरक असेल तर आताच दुरुस्त करा. पेनल्टीची चौकट आखल्यावर कोणी ऐकत नाही. गोल ७.३२ बाय २.४४, मोठी चौकट १६.५, लहान ५.५, पेनल्टीचा ठिपका ११, मधले वर्तुळ ९.१५ त्रिज्येचे. सगळ्या रेषा मिळून सुमारे ६९५ मीटर भरतात. दहा सेंटीमीटर रुंदीने पन्नास-साठ किलो पूड सहज जाते, म्हणून २५ किलोची तीन पोती आणावीत. पूड चुनखडीची हवी. कळीचा चुना कधीच नाही. घामाने, पाण्याने तो तापतो, घसरलेल्या खेळाडूची कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. ‘पूर्वी चालायचे’ हे उत्तर इथे धरू नये.

हलवता येणारे लोखंडी गोल असतील तर मागच्या दांडीवर प्रत्येकी चार वाळूची पोती टाका. मुले आडव्या दांडीला लोंबकळतात आणि सुटा गोल पुढे कोसळतो. या एका गोष्टीत हयगय नको.

चेंडूत हवा कमी ठेवा. नियम ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर सांगतो. कडक जमिनीवर ०.६ ते ०.७ पुरे, नाहीतर चेंडू छातीच्या वरच राहतो आणि जुन्या गुडघ्यांना वर बघत मागे पळावे लागते. पडण्याची सर्वांत सोपी रीत तीच.

दिग्गज खेळणार म्हणजे अर्धे काम त्यांच्या पायांचे. पेटीतून वीस वर्षांनी काढलेल्या बुटाचा तळ पहिल्या दहा मिनिटांत सुटतो. दोष शिलाईचा नाही. तळाचे साहित्य आणि गोंद आपल्या हवेत नुसते पडून राहूनही मरतात. आदल्या दिवशी बूट हातात वाकवून पाहावा, भेग दिसली की बाद. डाव पंचवीस-पंचवीस मिनिटांचे, बदली खेळाडू हवे तितके आणि परत येण्याची मुभा. पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे सक्तीचे; पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू जातो तो पहिल्याच धावेत, कारण डोके विशीत असते आणि स्नायू पंचावन्नचे. दुपारी शागुती आणि वर ‘थोडीशी’ झाली असेल त्याने प्रेक्षकांतच बसावे. हे आधीच जाहीर केले की कोणाचा मान जात नाही.

पाणी माणशी दीड लिटर. दोन संघ आणि पंच मिळून चाळीस माणसे, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. ओआरएसचे पाकीट एक लिटरला एक. अर्ध्या पाण्यात घट्ट कालवले तर उलटी होते.

छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर, यांपैकी काहीही अलीकडे झाले असेल तर त्याने खेळू नये. कोणी कोसळला आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ लावणारा एक, छाती दाबणारा दुसरा, फाटकाशी धावणारा तिसरा, हे आधी नावानिशी ठरलेले असावे. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, जवळच्या हॉटेलात किंवा दवाखान्यात आहे का ते आधी विचारा. फाटकासमोर गाड्या लावू देऊ नका; रुग्णवाहिका येते आणि पार्किंगमध्ये अडकते.

दंडावरच्या काळ्या पट्ट्यांसाठी पाच सेंटीमीटर रुंद इलॅस्टिक, प्रत्येकी २८ सेंटीमीटर, त्यातले दोन शिवणीत. चाळीस जणांना सव्वाअकरा मीटर लागेल, बारा आणा. वायरमनची काळी टेप वापरतात ती घामाने घसरते, नाहीतर दंड आवळते. सेफ्टी पिन तर नकोच. गोलरक्षकाची जर्सी काळी असेल तर त्याला पांढरी पट्टी, नाहीतर दिसतच नाही.

मौन एक मिनिटाचे. पंचाच्या शिट्टीने सुरू, शिट्टीने संपवायचे, घड्याळ बघून. अंदाजाने संपवणारे पस्तीस सेकंदांतच वाजवतात. आधी माइकवरून सांगा, जनरेटर आणि डीजे बंद करा. नंतर टाळ्या वाजवायच्या की नाही हेही सांगून टाका, नाहीतर अर्धे वाजवतात आणि अर्धे त्यांच्याकडे रागाने बघतात. फोटोपुढची मेणबत्ती काचेच्या चिमणीत. उघडी ठेवली तर वारा ती दोनदा विझवतो आणि मग सगळे लक्ष तिच्याकडेच जाते.

नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. सव्वाचारला शिट्टी वाजलीच पाहिजे. पाहुणे आले नाहीत तर मध्यंतरात हस्तांदोलन करतील, त्यांची खुर्ची कुठे जात नाही. भाषणे तीन, प्रत्येकी तीन मिनिटांची, आणि पहिले त्या जुन्या बॅकला.

जर्सी निवृत्त करायची टूम निघतेच. गोव्याच्या धेंपो क्लबने १० क्रमांक काढून ठेवला त्यामागे कारण होते: ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन कपचा अंतिम सामना, क्रिस्तियानो ज्युनियरने संघाचे दोन्ही गोल केले आणि गोलरक्षकाशी टक्कर होऊन मैदानातच जीव गमावला. गावच्या संघाला हे सहसा झेपत नाही, जर्सींचा संचच अकरा-पंधराचा असतो. त्यापेक्षा तो क्रमांक दरवर्षी संघातल्या सर्वांत लहान पोराला द्यावा, आणि तो कोणाचा होता ते त्याला नीट सांगावे; त्या क्रमांकाची जागा कोणती, तेही.

फिरत्या चषकाचा भुर्दंड शक्यतो टाळा. दुसऱ्या वर्षी तो कोणाच्या कपाटात आहे यावरून भांडण होते.

सोमवारी सकाळी चार माणसे लागतात, आणि नेमकी तीच मिळत नाहीत, म्हणून त्यांची नावे आदल्या आठवड्यातच लिहून घ्या. वाळूची पोती, दोऱ्या, जार परत. चौकटीतला फोटो ज्या खिळ्यावर होता त्याच खिळ्यावर. गोलाच्या खांबांचे आणि झेंड्यांचे खड्डे मातीने भरून पायाने दाबायचे, कारण दुपारी गुरे चरायला तिथेच येतात.