बटण दाबलं का नाही?

सहा बाय सहा मिलिमीटरचं चार पायांचं पुश बटण, पुण्यात तपकीर गल्लीत मूठभर घ्या, फार पैसे पडत नाहीत. दाबलं की टक्क. आपलं काम झालं, पण खरी मजा पुढे, आर्डुइनोच्या, म्हणजे कोड टाकून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाच्या, पिनला ते कळायला हवं ना.

पिनला नुसती एक वायर लावा, दुसरं टोक मोकळं सोडा आणि सिरीयल मॉनिटर, म्हणजे पिन काय वाचते ते कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी, बघत बसा. कधी 1 कधी 0, हात जवळ नेला की अजूनच धिंगाणा, कारण इनपुट पिन स्वतः करंट जवळपास घेतच नाही आणि घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झची विजेची गडबडसुद्धा तिला हलवायला पुरते. आर्डुइनो उनो या बोर्डाची चिप 5 व्होल्टवर दीडच्या खाली 0 आणि तीनच्या वर 1 नक्की वाचते, मधल्या पट्ट्यात मात्र काही भरवसा नाही.

म्हणून पुल-अप, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिनला रेझिस्टरमधून 5 व्होल्टकडे ओढून धरायचं. एकतर 10 किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून पिन आणि 5 व्होल्टमध्ये जोडा, नाहीतर चिपच्या पोटात 20 ते 50 किलोओहमचा असतोच, तो कोडमधून चालू करा. बटणाची एक बाजू पिनला, दुसरी ग्राउंडला, म्हणजे 0 व्होल्टला. टेबलावरच्या खेळाला आतला पुरतो, पण लांब वायर असेल तर मी बाहेरचाच लावतो. भाच्याला हे दाखवलं तर म्हणाला, "मामा, दाबलं नाही की 1 आणि दाबलं की 0? उलटंय की!" उलटंच आहे बाबा, बटण दाबलं की पिन सरळ ग्राउंडला जाते, म्हणून 0.

बरं, आपण एकदाच दाबतो हाही आपलाच समज. ओट्यावर पडलेलं झाकण कसं थडथडत स्थिर होतं, तशी आतली पत्री टेकते, उडते, परत टेकते. काही मिलिसेकंदांचाच खेळ, पण 16 मेगाहर्ट्झच्या चिपसाठी 5 मिलिसेकंद म्हणजे 80 हजार ठोके, मोजायला सांगितलं तर एका टक्कचे ती आरामात चार-पाच लावते. उपाय सोपा, बदल दिसला की थोडं थांबायचं आणि तरीही तसंच असेल तरच मानायचं. आर्डुइनोच्या नमुना कोडमध्ये 50 मिलिसेकंद आहेत, मला 20 पुरतात. फक्त त्यासाठी मोठा डिले, म्हणजे नुसतं थांबायचा हुकूम, टाकून चिपला झोपवू नका, लूप, म्हणजे परत परत चालणारा कोड, तिथेच अडकला की तेवढ्यात दाबून सोडलेलं बटण तिला दिसतच नाही, आणि मग लोक बटण खराब म्हणून नवीन आणायला निघतात.