सेकंड हँड अ‍ॅक्सेस आणि आरसीवरचा बोजा

वारज्याहून हिंजवडीचं ऑफिस आणि सुट्टीला सिंहगड, पानशेत, जमलं तर ताम्हिणी. एवढ्यासाठी नव्या गाडीला लाखभर रुपये घालायची इच्छा नव्हती. सिंहगडाचा घाट डबलसीट चढायचा होता, म्हणून १२५ सीसीची सेकंड हँड स्कूटरच हवी होती.

डीलरकडच्या गाड्या पॉलिश मारून चकाचक, पण मालक कोण ते कुणी धड सांगेना. शेवटी सहकारनगरातल्या एका निवृत्त काकांची २०१७ची सुझुकी अ‍ॅक्सेस पाहायला गेलो. "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं," असं फोनवरच सांगितलं होतं. तापलेलं इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. सोबतच्या मेकॅनिक दादांनी आधी इंजिनाला हात लावला, मग किक मारली. दुसऱ्या किकला चालू. सायलेन्सरमधून निळसर धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. मागच्या टायरवर ०९१७ असा आकडा: २०१७चा नववा आठवडा. टायर मूळचाच, त्यामुळे मीटरवरचे २१ हजार किलोमीटर खरे वाटले. (अर्थात, इतका जुना टायर बदलावाच लागणार, म्हणून भावही थोडा उतरवला.) ४० हजारांना ठरलं.

खरी रखडपट्टी पुढे होती. आरसीवर फायनान्सचा बोजा, म्हणजे गाडी कर्जासाठी बँकेकडे तारण असल्याची नोंद, तसाच! "अहो, सगळे हप्ते केव्हाच फेडलेत मी," काका वैतागले. पण हप्ते फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओला द्यावा लागतो. बँकेत काकांची फाइलच सापडेना; आज या, उद्या या. मी निम्मे पैसे आधी आणि उरलेले गाडी नावावर झाल्यावर देणार म्हटलं, तर काकांचा चेहरा पडला. काकूच आतून म्हणाल्या, "आपण तरी आधी सगळे दिले असते का?" विषय मिटला.

ई-चलन तपासलं तर हेल्मेटचा दंड थकलेला. पुतण्याचा पराक्रम! तो काकांनी भरला. बोजा उतरल्यावर मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छापा, पीयूसी, विमा हे सगळं सुरळीत झालं. मालक बदलल्याचं विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे तिथे थोडे जास्त पैसे गेले. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, मात्र काकांनी आधीच बसवून घेतली होती. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

मग नवा टायर, बेल्ट आणि क्लचची साफसफाई. दादांनी घाटासाठी एक गोष्ट बजावली: उतारावर रेस पूर्ण सोडून गाडी हळू झाली की क्लच सुटतो, म्हणजे इंजिनाचा चाकावरचा रोध जातो, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. किंचित रेस ठेवायची आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावायचे. सिंहगड उतरताना तसंच केलं. मागे बसलेल्या बायकोची तक्रार एकच होती, सीट कडक आहे.