नागपूरला वसंत असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या प्रश्नावर मी नुसती हसून मोकळी होते. प्रश्न ठरलेला आहे, "नागपूरला वसंत वगैरे असतो का हो, की थंडी संपली की डायरेक्ट भट्टी?" आमच्या ब्रँचला बदलून आलेला प्रत्येक माणूस पहिल्या वर्षी हे विचारतोच, ठाण्याच्या मॅडमनी विचारलं, कोल्हापूरच्या साहेबांनी विचारलं, आणि पुण्याची माझी नणंद तर इथेच लहानाची मोठी झालेली असून दर फोनवर विचारते, म्हणजे तिला विचारायचं काही नसतं, टोमणा मारायचा असतो.

तर असतो. सहा-सात आठवडे असतो. पण दिवसभर नसतो. पहाटे साडेपाच ते नऊ आणि मग संध्याकाळी सहाच्या पुढे, एवढाच. मधल्या वेळात जे असतं त्याला आम्हीही उन्हाळाच म्हणतो.

आता यात पंचांगाचा एक घोळ आहे. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास घुटमळत असतो, त्याला वसंत म्हणायची कोणाची छाती आहे? आणि वसंत पंचमी येते माघात, तेव्हा आम्ही स्वेटर घालून असतो. म्हणजे दोन्हीकडून गेलो. म्हणून आमच्या घरी आम्ही आपला हिशेब लावून घेतलाय, माघातली थंडी ओसरली की सुरू आणि पाडव्याला समाप्त. अख्ख्या महाराष्ट्राचा वसंत पाडव्याला सुरू होतो, आमचा त्या दिवशी संपतो.

आणि वेळेचं जे म्हटलं तेही उगाच नाही. समुद्र इथून कुठल्या कुठे, हवा कोरडी, त्यामुळे जमीन दिवसा जशी पटकन तापते तशी रात्री पटकन निवते पण. मार्चमध्ये दुपारी ३६-३७ असलं तरी पहाटे १९-२० असतं, अंगणात चहा घेऊन बसलं तर पायावर शाल लागते, आणि त्याच अंगणात साडेदहाला अनवाणी पाऊल टाकलं तर उडी मारून आत याल. बाहेरगावचे लोक येतात, आरामात उठतात, नऊ-साडेनऊला पडदा सरकवतात आणि म्हणतात बापरे काय ऊन आहे. अहो, कार्यक्रम संपल्यावर पोचलात तुम्ही.

आमच्या घरी या कार्यक्रमाचे मालक म्हणजे बाबा, माझे सासरे, वय ७८. समोरचं आवार काही फार मोठं नाही, एक गाडी उभी राहील आणि तिच्या बाजूला एक लांबट पट्टी उरेल एवढं, पण त्या पट्टीत आणि वरच्या गच्चीवर मिळून सत्तरेक कुंड्या आहेत आणि बाबांना त्या तोंडपाठ आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं झाडांना पाणी घालायला एवढं पहाटे कशाला उठायचं. आता मी स्वतःच उठून राहिली आहे पाचला, कोणी सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीचं मोठं काम म्हणजे कडुनिंबाची पानं. झाड शेजाऱ्यांचं, पानं आमची. रोज सकाळी अंगण पिवळं, झाडून चहा पिऊन परत आलं की पुन्हा पिवळं. पूर्वी आमच्या गल्लीत सगळे त्याचे ढीग करून पेटवायचे, धुराने डोळे चुरचुरायचे, बाबांनी ते बंद केलं, म्हणजे भांडून नाही, ते स्वतःच रिकाम्या बोऱ्या घेऊन लोकांच्या फाटकासमोर उभे राहायला लागले, "पानं टाकता का यात?" लोकांना लाज वाटली असेल किंवा सोपं वाटलं असेल. त्या बोऱ्या जिन्याखाली रचून ठेवायच्या आणि एप्रिलमध्ये कुंड्यांतल्या मातीवर बोटभर जाड थर द्यायचा, माती तापत नाही आणि सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं. जिन्याखाली सायकली ठेवायला जागा उरत नाही, यावर दरवर्षी नवऱ्याचं आणि बाबांचं वाजतं. दरवर्षी सायकली बाहेर.

मोगऱ्याची छाटणी झालेली असते, पाणी तोडलेलं असतं, अगदी काटक्या दिसतात. मग शेणखत घालून पाणी सुरू केलं की मार्चमध्ये पहिल्या कळ्या येतात. पहिली कळी कोणाला दिसली यावर आमच्या दोन्ही पोट्ट्यांची मारामारी ठरलेली, कारण जो दाखवेल त्याला आजोबा दहा रुपये देतात. धाकट्याने एकदा शेजारच्यांच्या झाडाची कळी आणून आमच्या काटकीला चिकटवली होती. फेव्हिकॉलने. बाबांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि पाच रुपये दिले, मेहनतीचे म्हणे.

आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी. हिवाळ्यात लावलेला सांबार मार्चपर्यंत फुलावर येतो, पांढरी बारीक फुलं, त्यावर माशांचा गुणगुणाट, लोक तो उपटून फेकतात. आम्ही ठेवतो, कारण आठ-पंधरा दिवसांत त्याला हिरवे धने येतात आणि ते ताजे चावून खायला जी मजा आहे ना ती मला कुठल्याही मुखवासात सापडलेली नाही. सासूबाई ते कच्च्या टमाट्याच्या चटणीत घालतात.

दोन वर्षांपूर्वी एका सूर्यपक्ष्याच्या मादीने पोर्चमधल्या कपडे वाळवायच्या तारेच्या हुकाला घरटं करायला घेतलं. बरोबर दाराच्या तोंडाशी. सुरुवातीला मला वाटलं कोळिष्टक आहे, मी झाडू घेऊन गेले पण होते, मोठीने ओरडून थांबवलं. गवताच्या काड्या, झाडाच्या सालीचे तुकडे, कोळ्याचं जाळं, असलं काय काय लोंबकळणारं, ओबडधोबड पिशवीसारखं, बाजूने भोक आणि भोकावर चक्क छोटं छज्जं. बांधणारी ती एकटी. अंडी उबवणारी ती एकटी. नर काळा-जांभळा चमचमीत कोट घालून समोरच्या केबलवर बसून गाणार. सासूबाई हे दोन-तीन दिवस बघत होत्या, मग चहा गाळता गाळता बाबांकडे न बघता म्हणाल्या, "सगळीकडे सारखंच आहे म्हणजे."

त्यानंतर महिनाभर आमचं घर तिच्या टाइमटेबलवर चाललं. कपडे गच्चीवर. पुढचं दार बंद, ये-जा मागून, दूधवाल्याला मागच्या गल्लीत यायला लावलं, तो म्हणाला, "काहून वो ताई, लाइन बदलवली का?" कुरिअरवाल्यांना फोनवर घरट्याचं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पिल्लं झाली दोन. धाकटा सकाळी उठून दात न घासता खिडकीशी स्टूल टाकून बसायचा आणि आई किती वेळा किडे घेऊन आली ते वहीत लिहायचा, मराठीची वही होती ती, मग शाळेत बोलणी खाल्ली. पिल्लं उडताना बघायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि नेमकं आदल्या दिवशी चुलत दिराचं लग्न, रात्री दीडला घरी आलो, सकाळी आठला जाग आली तेव्हा घरटं रिकामं. वर्षभरातली आमची एकमेव उशिरा उठलेली सकाळ असेल ती. धाकटा दिवसभर नवरदेवावर चिडून होता.

घराबाहेरचं म्हणाल तर रविवारी सेमिनरी हिल्स. सहाला निघायचं, सगळे, सासूबाईसुद्धा, त्या बाकावर बसतात आणि आम्ही चालतो. तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक सुरू झालेलं असतं, तो काही केल्या दिसत नाही. मग तर्री पोहे, म्हणजे वरून हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले. सकाळी साडेसातला तर्री कशी खाता हो, हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी देत नाही.

पळस बघायला गोरेवाड्याच्या बाजूला किंवा मग सरळ रामटेकचा रस्ता धरायचा. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण फुलायच्या दिवसांत तीही नसतात, सगळं झाड नागडं आणि वर नुसता केशरी भडका. पाणी वाचवायला झाड पानं टाकून देतं, आणि पानं नसली की फुलं लांबून पक्ष्यांना दिसतात, मैना, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे त्या फुलांवर पडलेले असतात. आम्ही खाली पडलेली फुलं तेवढी पिशवीत भरून आणतो, रात्री गरम पाण्यात टाकायची, चिमूटभर चुना घालायचा, सकाळी पाणी मस्त गडद केशरी होतं. धुळवडीला हाच रंग असा बाबांचा नियम. मुलांचं म्हणणं असं की हा रंग अंगावर टिकत नाही, मित्र हसतात, त्यामुळे पहिली अर्धी बादली घरच्या रंगाची आणि नंतर कोपऱ्यावर जाऊन जे काय जांभळं-चंदेरी फासून येतात ते आम्ही पाहिलं नाही असं करतो.

पण मला एकच दिवस निवडायला सांगाल तर मी काटोलकडचा निवडीन. माझ्या मामांची तिकडे संत्र्याची बाग आहे. फेब्रुवारीत तिकडे गंमत असते, आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरता सरता फुलणाऱ्या, बागांना हिवाळ्यात ताण दिलेला असतो, पाणी बंद, मग ताण तोडून पाणी सोडलं की झाडं फुलोऱ्यावर येतात, आणि त्याच वेळी बाजूच्या मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या, बागेत मात्र पिकलेली संत्री उतरवणं चालू असतं. म्हणजे धुऱ्याच्या अलीकडे पांढरी फुलं आणि पलीकडे फळं. त्या फुलांचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो, मोगऱ्यासारखा नाही, मोगरा गोड आहे, यात थोडा कडवटपणा असतो, सालीचा असतो ना तसा. मोठी लहान असताना विचारायची, मामाआजोबा सेंट मारतात का झाडांना?

तिथे रोडगे करायचे. हे काम पुरुषांचं, आणि या एका गोष्टीसाठी मी आमच्या विदर्भाला शंभर गुन्हे माफ करते. जाडसर कणकेचे पदर घालून गोळे करायचे एवढं बायका करतात, बाकी गोवऱ्या रचणं, पेटवणं, निखारे झाले की त्यात गोळे पुरणं, उलटणं, राख झटकणं, सगळं मामा, नवरा, मामेभाऊ. दर पाच मिनिटांनी वाद, "आता काढ", "थांब बे, कच्चे आहेत". दोन-चार जळतातच. बाबा लांब खुर्ची टाकून सूचना देतात, त्या कोणी ऐकत नाही. मग पळसाच्या पत्रावळीवर रोडगा फोडायचा, आतून वाफ निघते, त्यावर तुपाची धार नाही, तुपात बुडवायचाच, आणि सोबत वरण आणि तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर बोलायचं नसतं. झाडाखाली सतरंजीवर सगळे आडवे, वरून एखादी पाकळी नाकावर पडते.

एकदा नणंदेचे मिस्टर आले होते तिथे, कसल्यातरी कामाने फेब्रुवारीत नागपूरला होते म्हणून. झाडावरचं संत्रं हातात घेऊन म्हणाले, "हे फ्रीजमध्ये ठेवून खाल्लं तर मस्त लागेल." मामा त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काहून जावईबापू, तुमच्या पुण्यात संत्रं झाडाले लागते का फ्रीजले?"

मग पाडवा येतो. गुढीला शेजाऱ्यांच्याच कडुनिंबाचा डहाळा, आता नव्या लालसर पानांचा आणि बारीक फुलांचा. सासूबाई फुलं आणि कोवळी पानं गुळासोबत वाटून देतात, धाकटा नाक दाबून गिळतो. आणि दुपारचं श्रीखंड जिरलं की बाबा आणि नवरा शिडी काढून गच्चीवर हिरवी नेट बांधायला घेतात. चारही कोपऱ्यांना तार, मध्ये बांबू. नेट ताणली गेली की गच्चीवरचा उजेड हिरवट होतो, पिटुनिया तोवर वाळलेला असतो, आणि खाली माणूस आलेला असतो कूलरच्या ताट्या बदलायला. ओल्या खसाचा वास घरात पसरला की सासूबाई म्हणतात, झालं.

नणंद दरवर्षी मे मध्ये येते, मुलांच्या सुट्ट्या असतात म्हणून. पंधरा दिवस कूलरसमोर बसते, आंबे खाते, आणि जाताना म्हणते, कसे राहता गं तुम्ही इथे. यंदा मी तिला म्हटलं मुलं आता कॉलेजात गेली, तुला काय अडचण आहे, फेब्रुवारीत ये, मामांकडे जाऊ, मोगऱ्याच्या काटक्या बघ, तुझ्या बाबांच्या बोऱ्या बघ. ती खरंच तयार झाली, तिकिटं बघायला लागली. मग मी सांगितलं की फक्त पहाटे पाचला उठावं लागेल.

म्हणाली, बघते आणि कळवते.