बनियन: नुसती गाठ तासून भागत नाही

अंगठ्याच्या बुडाशी पायाच्या आतल्या कडेला जे हाड ‘वर आलंय’ असं वाटतं, म्हणजेच बनियन, ते बहुतेकदा वाढलेलं नसतंच. अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट करंगळीकडे कलतो. त्या कोपऱ्यात हाडाचं डोकं पुढे येतं. म्हणूनच ‘तेवढी गाठ तासून द्या’ ही मागणी मान्य करू नये. कोन तसाच राहिला की वाकडेपणा परत येतो.

शस्त्रक्रियेचं कारण दुखणं असावं, दिसणं नव्हे. रुंद पंजाची पादत्राणं वापरूनही चालताना दुखत असेल तर पुढचा विचार. एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊनच काढायचा. झोपून काढलेल्यात कोन कमी दिसू शकतो. अंगठा कलल्याचा कोन साधारण 15 अंशांपर्यंत आणि पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमधला 9 अंशांपर्यंत असला तर ठीक.

सौम्य ते मध्यम वाकडेपणाला शेव्हरॉन ही शस्त्रक्रिया: मेटाटार्सलच्या डोक्याजवळ व्ही आकाराचा काप घेऊन डोकं करंगळीकडे सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. त्याहून जास्त असेल तर स्कार्फ, म्हणजे हाडाच्या लांबीत झेड आकाराचा काप आणि सहसा दोन स्क्रू. हाड ठिसूळ असेल तर यात दोन्ही तुकडे एकमेकांत रुततात आणि उंची जाते. कोन फार मोठा असेल किंवा मेटाटार्सलच्या मुळाचा सांधा ढिला असेल तर लॅपिडस: तो सांधाच कायमचा जोडून टाकतात. अंगठ्याच्या हाडातून छोटी पाचर काढण्याचं एकिन बहुधा यांच्या जोडीला असतं.

लॅपिडसमध्ये हाड न जुळण्याची भीती असते, आणि तंबाखूने ती वाढते. इथे डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतात, पण मिश्री लावणाऱ्या बायका ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात. मिश्रीतही निकोटिन असतं. हे स्वतःहून सांगाच.

अंगठ्याचा सांधाच झिजला असेल तर नुसतं हाड सरळ करून दुखणं जात नाही. तो सांधा जोडावा लागतो. दुखणं बरं होतं, पण अंगठा मागे वळत नाही. ज्यांना शेतात, चुलीपुढे किंवा भारतीय शौचालयात उकिडवं बसावं लागतं, त्यांनी हे आधी बोलून घ्यावं.

छोट्या छेदांतून बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बारीक कापणीच्या टोकाने, हाड कापण्याच्या पद्धतीत व्रण लहान राहतो, मात्र हाड जुळायला वेळ तेवढाच लागतो. बर तापून हाड भाजू नये म्हणून सलाईनचा मारा सतत हवा.

काय बिघडतं? पहिलं मेटाटार्सल आखूड झालं किंवा वर उचललं गेलं तर भार दुसऱ्या बोटाखाली जातो आणि तिथे दुखतं. बाहेरच्या बाजूचे बंध गरजेपेक्षा जास्त सोडवले, वर हाडही जास्त तासलं, तर अंगठा उलट्या दिशेला वळतो. ते दुरुस्त करणं मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड.

पहिले दोन आठवडे पाय हृदयापेक्षा उंच ठेवा. टाके साधारण तेव्हाच निघतात. शेव्हरॉन-स्कार्फनंतर सुमारे 6 आठवडे टाचेवर भार देणारा खास बूट असतो. लॅपिडसला बहुधा जास्त काळ जपावं लागतं. सूज काही महिने राहते, त्यामुळे नवी पादत्राणं घ्यायची घाई नको. अंगठा अडकवायची चप्पल डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. उजवा पाय असेल तर जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी बंद.